प्रकल्प नोंदी : उसाच्या पट्ट्यात आकाशदर्शन (जुन्नर तालुका, २०२४-२५)

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू अखेर दिसला. परतीच्या पावसाच्या ढगांनी आठवडाभर छळलं होतं. कोजागरी होऊन गेली आहे, चंद्र साडेआठच्या पुढे उगवतो, म्हणून सव्वासातची वेळ धरली. शुक्राच्या वर, उजव्या हाताला, दहा बाय पन्नासच्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलर) शेपूट बरीच लांब दिसली. नुसत्या डोळ्यांना पुसटच.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. येणारी-जाणारी प्रत्येक दुचाकी थांबत होती. "काय बघताय?" यापेक्षा "इथं कशाला उभे राहिलात, परवा इथंच बिबट्या दिसलाय" हेच जास्त वेळा ऐकलं. पण हे सांगून झाल्यावर प्रत्येकाने द्विनेत्री मागितली.

तिथेच ठरलं. आठ इंची डॉब्सोनियन (आरशाची साधी दुर्बीण) वर्गणी काढून घेतलेली आहेच. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळांसारखे रात्रभराचे कार्यक्रम आपल्याला करायचे नाहीत. तालुक्यात तीन-चार ठिकाणी, लोक जिथे राहतात तिथेच दुर्बीण न्यायची. मुक्काम, चहा-नाश्ता, प्रवेशिका यातलं काही नको.

निवडणुकीची आचारसंहिता लागली आहे. शिक्षक प्रशिक्षणात अडकलेत, शाळांच्या खोल्या मतदान केंद्रांसाठी ठेवल्यात. २० नोव्हेंबरचं मतदान पार पडेपर्यंत कार्यक्रम नाही, फक्त गाठीभेटी.

९ नोव्हेंबर, शनिवार

नदीकाठच्या गावात सरपंचताईंना भेटलो. आकाशदर्शनाच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर दोन गोष्टी असतात : अमावस्येच्या जवळची रात्र निवडा आणि आसपासचे दिवे बंद करा. इथे दोन्ही अडलं.

अमावस्येबद्दल शाळेच्या सेविका मावशींनीच निकाल दिला. "अवसेच्या रात्री कोण पोरं पाठवंल? आया येऊ द्यायच्या नाहीत." दिव्यांबद्दल ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, गेल्या वर्षी लोकांनी मागून मागून हे एलईडी लावून घेतलेत. ऊस अगदी घरांना लागून आहे. तुमच्यासाठी तासभर बंद केले आणि नेमकं त्याच वेळी काही झालं, तर गाव मला विचारील."

खरं आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात ऊस हेच बिबट्याचं घर झालंय. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र तालुक्यातच आहे, इथल्या मुलांना ते सांगावं लागत नाही. अशा ठिकाणी अंधार मागणं हा शहरी माणसाचा हट्ट झाला. परतताना गाडीत आमच्यातल्या एकाने "मग आकाश दिसणार कसं?" म्हणून बराच वाद घातला. पण उजेडातूनही दिसतं ते कमी नाही : चंद्र, गुरू, शुक्र, शनी, मंगळ. या हिवाळ्यात हे सगळे संध्याकाळच्याच आकाशात आहेत. तेजोमेघ आणि दीर्घिका यांसारख्या पुसट गोष्टी राहू देत.

ठरलेलं असं :
अमावस्या सोडून शुद्ध पक्षातली पंचमी ते अष्टमी धरायची, म्हणजे चंद्र हाताशी असतो. वेळ साडेसहा ते साडेआठ, एक मिनिटही पुढे नाही. जागा शाळेची गच्ची किंवा भिंतीआडचं पटांगण. मुलं मोठ्या माणसाबरोबरच येणार आणि जाताना आळीआळीचे गट करून, बॅटऱ्या लावून, मोठ्याने बोलत जाणार. गावचे दिवे चालूच राहतील. फक्त शाळेच्या फाटकावरचा एक दिवा तेवढा वेळ बंद करायला ताईंनी परवानगी दिली.

२४ नोव्हेंबर

गच्चीवर चाचणी. आरशांची जुळणी गाडीच्या धक्क्यांनी दर वेळी हलते, त्यामुळे पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं त्यातच जाणार. पंचवीस मिलिमीटरच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) ४८ पट, चंद्र अख्खा मावतो. दहाच्याने १२० पट, पण गुरू पावणेदोन मिनिटांत दृश्याबाहेर सरकतो. म्हणजे दर दोन-तीन माणसांमागे दुर्बीण हलवावी लागणार. तिच्याशी एक माणूस कायम, रांगेशी दुसरा.

रांगेचा हिशोब : माणशी तीस सेकंद, तासाला एकशेवीस. प्रत्यक्षात लहान मुलं स्टुलावर चढणार, म्हाताऱ्या चष्मा काढणार, एखादा आयपीसलाच धरून उभा राहणार. तासाला सत्तर-ऐंशी जमले तरी पुष्कळ. थांबलेल्यांसाठी द्विनेत्री आणि बोलका माणूस हवा.

तारे दाखवायचा हिरवा लेझर मुलांच्या हातात द्यायचा नाही. कुणी कितीही मागो.

७ डिसेंबर, शनिवार

पहिला कार्यक्रम. आज चंपाषष्ठी, हे तारीख ठरवताना आमच्यातल्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि ते बरंच झालं. खंडोबाच्या देवळातून तळी उचलून, भरीत-रोडगा खाऊन लोक थेट शाळेत आले. बऱ्याच जणांच्या कपाळावर भंडारा होता. शेवटी आयपीसच्या रबरालाही पिवळा लागला.

चंद्र जवळजवळ अर्धा. उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं अशा वेळी सर्वांत उठून दिसतात, कारण तिथे सूर्य नुकताच उगवत असतो आणि सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला तेच विवर सपाट वाटतं. हे समजावण्याची गरजच पडली नाही. मैदानातल्या खड्ड्यावर बॅटरी आडवी धरली, मग वरून धरली, एवढं पुरलं.

गुरू आजच प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर आहे. इकडे सूर्य मावळताना तिकडे तो उगवतो. दुर्बिणीत पट्टे आणि चार चंद्र. गॅलिलिओने हे चौघे १६१० मध्ये पाहिले आणि सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरत नाही याचा डोळ्यांदेखतचा पुरावा त्याला मिळाला, हे सांगितलं. लोकांना मात्र त्याची दुर्बीण आपल्या या दुर्बिणीपेक्षा पुष्कळ लहान होती, याचंच जास्त नवल वाटलं.

शनीने थोडी निराशा केली. कडी यंदा आपल्याकडे जवळजवळ कडेने वळलेली आहेत, म्हणून बारीक दिसतात. पाचवीतली एक मुलगी बराच वेळ बघून म्हणाली, "बोरात काडी खुपसल्यावानी दिसतंय." पुढच्या सगळ्या रांगेला आम्ही तेच सांगितलं, आणि मग प्रत्येकाला काडी दिसली.

"सुनीता विल्यम्स दिसतील का?" हा प्रश्न आज किमान डझनभर मुलांनी विचारला. जूनपासून त्या अंतराळ स्थानकात आहेत, ते स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून दीड तासात एक फेरी मारतं, आणि सूर्यास्तानंतर आपल्या डोक्यावरून गेलं तर ठळक सरकत्या ठिपक्यासारखं दिसतं, हे सांगितलं. आपल्या गावावरून ते कधी जाईल याचं वेळापत्रक काढून शाळेच्या फळ्यावर लावायचं. यासाठी दुर्बीण लागत नाही, अंगणातून दिसतं.

साडेआठला थांबलो. रांग संपली नव्हती. पुढच्या वेळी त्यांना आधी.

२१ डिसेंबर, शनिवार

आज डोंगराकडे, नाणेघाटाच्या बाजूची एक वाडी. इथे ऊस नाही; भातखाचरं आणि हिरड्याची झाडं. दिवेही मोजकेच. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार. नदीकाठच्या गावात जे सोडून दिलं होतं ते सगळं इथे मोकळं पडलेलं.

दुर्बीण लावण्याआधी कृत्तिका मोजायला सांगितल्या. नुसत्या डोळ्यांनी किती दिसतात? बहुतेकांना सहा, दोन-तीन पोरांना सात. एका आजोबांना नुसता पुंजका. नदीकाठी हाच प्रश्न विचारला होता तेव्हा तीन-चारच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. दिव्यांचा परिणाम मोजायला याहून स्वस्त साधन नाही, म्हणून यापुढे प्रत्येक ठिकाणी हा आकडा लिहून ठेवायचा.

मग देवयानी दीर्घिका, जवळजवळ डोक्यावर. नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपका, द्विनेत्रीत लांबट धुरकट पट्टा. पंचवीस लाख प्रकाशवर्षं. एका तरुणाने विचारलं, "म्हणजे हा उजेड निघाला तेव्हा माणूस होता का?" आजच्यासारखा माणूस नव्हता, असं सांगितलं. तो बाजूला जाऊन बसला आणि पुढचा अर्धा तास दुर्बिणीकडे फिरकलाच नाही, नुसता वर बघत होता.

दुपारी इथल्या मुलांनी काठीची सावली मोजली होती. आज वर्षातला सर्वांत लहान दिवस, दुपारची सावली सर्वांत लांब. "मग उत्तरायण संक्रांतीला कसं?" हे गुरुजींनीच विचारलं. सूर्य आजपासून उत्तरेकडे सरकायला लागला. मकर राशीतला त्याचा प्रवेश १४ जानेवारीला. फार पूर्वी हे दोन्ही जवळ होते, पण पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश, म्हणून ते लांब गेले. गुरुजींनी हे वहीत लिहून घेतलं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर. मला विचाराल तर सगळ्या हिवाळ्यातला हाच कार्यक्रम करण्यासारखा होता.

मुकादमाशी आधी बोलणं झालं होतं. टोळी पहाटे चारला फडात जाते, त्यामुळे रात्री आठनंतर थांबायचं नाही हे त्यांनी बजावलं. पालाच्या कोप्या, टायरच्या गाड्या, बैल बांधलेले. बीड जिल्ह्यातली माणसं. पोरं पाच महिने इथे असतात, गावच्या शाळेत असली तरी पटावर अर्धवट. शाळेतल्या कार्यक्रमाला यातलं कुणी येणार नाही हे आधीच कळत होतं, म्हणून दुर्बीणच कोप्यांपाशी नेली. चुली पेटलेल्या होत्या. बायांना रांगेत उभं करणं मूर्खपणा ठरला असता. एकेक जण भाकरी तव्यावर टाकायची, येऊन डोळा लावायची, उलटायला परत जायची.

पश्चिमेला चंद्रकोर, तिच्याजवळ शनी, खाली शुक्र. एका आजींनी शुक्राला हरकत घेतली. "ही चांदणी पहाटंची. आम्ही तिच्यावर उठतो." यंदा ती संध्याकाळी आहे, हे त्यांना पटेना. शुक्र सूर्याच्या आपल्यापेक्षा जवळून फिरतो, म्हणून काही महिने सूर्याच्या मागे राहून संध्याकाळी दिसतो, मग पुढे जाऊन पहाटे. मार्चअखेर पहाटेला येईल. "तवर आम्ही गावाला गेलेलो असू," आजी म्हणाल्या, "तिथून बघीन खरं बोलला का ते." दुर्बिणीत शुक्र अर्धा दिसल्यावर मात्र त्या गप्प झाल्या. चांदणीलाही चंद्रासारख्या कला असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग पूर्वेला मृग वर आला. एका कामगाराने बोट केलं : "ते तिकांडं. आता पौषात ते मावळतीला टेकलं की उठायची वेळ." आम्ही आकाशनकाशाशी ताडून पाहिलं. मृगाचे मधले तीन तारे सध्या पहाटे पाचच्या सुमाराला मावळतात. चारला ते पश्चिमेला खाली आलेलेच असणार. त्याचं घड्याळ बरोबर होतं.

पुढचा प्रश्न त्याच्याच मेहुण्याचा. "मृग तर जूनमधी. पेरणीचा. मग हा हिवाळ्यात काय करतोय?" गेली काही वर्षं या प्रश्नाची वाट बघत होतो. शाळांमधून कुणी विचारत नाही, कारण तिथे पावसाची नक्षत्रं हा पंचांगातला विषय असतो आणि तारे विज्ञानातला. कंदील मध्ये ठेवला, तो सूर्य. चहूबाजूंनी माणसं उभी केली : रोहिणी, मृग, आर्द्रा, समोरच्या बाजूला अनुराधा, ज्येष्ठा. एक मुलगा पृथ्वी होऊन कंदिलाभोवती फिरला. कंदिलाकडे तोंड म्हणजे दिवस, पाठ म्हणजे रात्र. जूनच्या जागेवर उभं राहून कंदिलाकडे बघितलं की त्याच्या मागे मृग उभा. "सूर्य मृगात गेला" म्हणजे हेच, आणि म्हणूनच मृगाच्या पावसात मृग दिसत नाही, तो सूर्याबरोबर दिवसा वर असतो. सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडे गेली की तोच मृग रात्री समोर येतो. गुरू सध्या रोहिणीजवळच आहे, त्यामुळे २५ मेच्या सुमाराचं रोहिणी नक्षत्र म्हणजे हा लाल तारा, हेही लगेच दाखवता आलं.

मेहुणे म्हणाले, "म्हणजे पंचांगवाला आभाळ बघूनच लिहितो की." लिहितो खरा. नक्षत्राचं वाहन कोल्हा की बेडूक, यावरून पाऊस ठरतो का, हा वेगळा प्रश्न, आणि तो आज मी उकरला नाही.

आठला आवरलं. बाज आणि तिचे तीन चोर, म्हणजे सप्तर्षी, पोरांना दाखवायचे राहिले. ते सध्या रात्री उशिरा उगवतात, त्या वेळी ही पोरं झोपलेली असतात.

१९ जानेवारी, रविवार

सगळ्यांच्या फोनवर एकच संदेश : येत्या काही दिवसांत सहा ग्रह एका रेषेत, पुन्हा शेकडो वर्षं दिसणार नाहीत. गर्दी त्यामुळेच झाली, तेव्हा तक्रार करायचं कारण नाही. रेषा खरी आहे. पण ती नेहमीच असते. सगळे ग्रह सूर्याभोवती साधारण एकाच पातळीत फिरतात, म्हणून आकाशात ते सूर्य-चंद्राच्याच वाटेवर सापडतात. चार नुसत्या डोळ्यांनी दिसत होते : नैर्ऋत्येला शुक्र आणि शनी अगदी जवळजवळ, डोक्याकडे गुरू, पूर्वेला मंगळ. युरेनस आणि नेपच्यूनला दुर्बीण लागते आणि तिथेही ठिपकाच दिसतो, ते न दाखवलेलेच बरे.

मंगळ १६ तारखेलाच प्रतियुतीत येऊन गेला, सध्या पृथ्वीपासून जेमतेम साडेनऊ-पावणेदहा कोटी किलोमीटरवर. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ तांबडा. एका काकूंनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "हाच का तो, लग्नं अडवणारा?" हाच. "एवढासा?" त्यांच्या मुलीचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अशा वेळी फलज्योतिषावर भाषण ठोकणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. समोरचा माणूस त्या क्षणी दार लावून घेतो. काकू पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

२६ जानेवारी

ग्रामसभा, नदीकाठचं गाव. सरपंचताईंनी दहा मिनिटं दिली. दिवे बंद करा असं म्हणायचंच नाही, हे ठरवून गेलो होतो. मागणी एवढीच : दिव्यांना वरून टोप्या घाला आणि तोंड खाली करा.

कृत्तिकांचे आकडे वाचून दाखवले, लोक हसले. पेंचचं उदाहरण दिलं : जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं अंधारं आकाश उद्यान जाहीर झाला, आणि त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले शंभरावर दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले. तिथे तर वाघ आहेत. यावर मागून आवाज आला, "तिथं जंगल हाय, हितं आमचं घर हाय." बरोबर.

शेवटी चाललं ते वायरमनचं म्हणणं. तो म्हणाला, दिवा तिरका असला की निम्मा उजेड आभाळात जातो आणि निम्मा डोळ्यात घुसतो. डोळा दिपला की दिव्यापलीकडचा उसाचा बांध काळाठिक्कर दिसतो. तोंड खाली केलं तर तोच बांध स्पष्ट दिसेल. हे सगळ्यांना रोजच्या अनुभवाचं होतं. शाळेच्या आळीतले दिवे आधी करून बघायचे, महिनाभराने ठरवायचं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन, सगळी शाळा खोडदला. रामन परिणामाची घोषणा १९२८ मध्ये याच तारखेला झाली. या दिवसांत खोडदच्या जीएमआरटीत (रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात) प्रदर्शन असतं आणि गावोगावच्या शाळा आपले प्रयोग मांडतात. इथल्या मुलांनी या तबकड्या जन्मापासून पाहिल्यात. ४५ मीटर व्यासाच्या तीस. चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा तीन दिशांना, सगळा पसारा सुमारे पंचवीस किलोमीटरचा. बऱ्याच जणांच्या शेताच्या बांधावरून एखादी दिसते. तरी दर वर्षी प्रश्न तोच : "यातून डोळा लावायचा कुठं?" डोळा लावायचा नसतो. त्या रेडिओ लहरी पकडतात, प्रकाश नव्हे, म्हणून त्या दिवसाही चालतात आणि ढगांतही. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जागा इथे निवडली, कारण शहरांचा रेडिओ गोंगाट इथे कमी होता. म्हणूनच इथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात.

आठवीतल्या एका मुलाने परतताना हिशोब मांडला : म्हणजे आपल्याला उजेडाचा त्रास, त्यांना मोबाइलचा. वर्गात हे मी शिकवलं नव्हतं.

शाळेच्या आळीतल्या टोप्या बसल्या. कृत्तिका : पाच. उद्या चंद्रकोर शुक्राजवळ येणार आहे, तेव्हा पुन्हा मोजायच्या.

२३ मार्च, रविवार

शुक्र या दोन दिवसांत पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून पलीकडे जातो आहे, संध्याकाळी आता दिसत नाही. शनीची कडीही आज अगदी कडेने आहेत, पण तो सूर्याजवळ असल्याने बघायला मिळत नाही. कोप्या उठायला लागल्या. मुकादमाला फोन करून निरोप दिला : एप्रिलच्या पहाटे पूर्वेला बघायला आजींना सांगा. सुनीता विल्यम्स १९ तारखेला परतल्या, फळ्यावरचं वेळापत्रक मुलींनी तरीही चालू ठेवलंय. चिनी स्थानकाचंही काढून द्या म्हणतात.

ग्रामपंचायतीने उरलेल्या आळ्यांचा निर्णय पुढे ढकलला. टोप्यांचा खर्च कुठून, यावर अडलंय. द्विनेत्री सातवी-आठवीच्या मुलींकडे दिली आहे, वही त्यांच्याकडेच.

एप्रिलपासून आकाश धुळीचं, मेमध्ये गुरू पश्चिमेला उतरतो, जूनपासून ढग. त्याआधी एकच कार्यक्रम, तोही दिवसा : शून्य सावली. आपण १९.२ अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे १६ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य नेमका डोक्यावर येतो. (जुलैअखेर पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमागे.) रात्र नको, अंधार नको, बिबट्याची काळजी नको, आणि कारखान्याच्या पाळीवरून आलेल्यालाही येता येईल. शाळेला सुट्टी असेल, म्हणून देवळापुढचं पटांगण धरलंय. लागणार ते : पीव्हीसी पाइपचे सारख्या उंचीचे तुकडे, पाणसळ, ओळंबा, काचेचा पेला, पांढरा कागद, मुलांसाठी टोप्या आणि माठभर पाणी. दुर्बिणीची नळी सिलिका जेलच्या पुड्या घालून, तोंड बांधून माळ्यावर. पावसाळ्यात आरशाला बुरशी धरते, पुड्या जुलैत बदलायच्या.